ओझरचे मिग आणि मामांचा प्रश्न



'स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा' असा संपादक मंडळाचा निरोप आला, की "पुढच्या वर्षी नक्की" असे म्हणून मी दरवर्षी सुटका करून घेतो. कॉम्प्युटरवाल्या माणसाने काय लिहायचे, हा माझा ठरलेला बचाव! या वेळी मात्र विषयच घरी चालून आला, तोही मोठा आवाज करत.

डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहणाऱ्यांना हा आवाज ओळखीचा आहे. एक वर्षाआड नोव्हेंबरात अल मक्तूम विमानतळावर दुबई एअर शो भरतो. त्या आठवड्यात आमच्या झेन क्लस्टरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालताना लढाऊ विमानांची घरघर ऐकू येते. २०२५ च्या नोव्हेंबरात माझ्या धाकट्याने विचारले, "बाबा, यातलं आपलं कुठलं?"

"तेजस."

"आणि तेजसच्या आधी?"

"मिग-२१. पण ते आता निवृत्त झालं."

"ते किती जुनं होतं?"

"आपल्या हवाई दलात ते आलं तेव्हा नाशिकचे मामाआजोबा शाळेत होते. मामाआजोबा नोकरीतून निवृत्त झाले, तरी ते उडतच होतं."

पोराला वाटले बाबा थट्टा करतोय. थट्टा नव्हती, म्हणून हा लेख.

कारखाना ओझरला आला

भारताने सोव्हिएत युनियनशी मिग-२१ साठी करार केला १९६२ साली. त्याच वर्षी चीनचे युद्ध झाले आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. पुढच्या वर्षी ते लोकसभेवर निवडून गेले ते नाशिकमधून, आणि बिनविरोध. १९६३ मध्ये चंदीगडला २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये पहिली मिग-२१ दाखल झाली. आवाजापेक्षा वेगाने उडणारे आपल्या हवाई दलाचे हे पहिले विमान. त्या स्क्वाड्रनचे पहिले प्रमुख दिलबाग सिंग पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले.

१९६४ साली हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा मिग कारखाना नाशिकपासून वीसेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून ओझरला सुरू झाला. इंजिने ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा व जोडणी ओझरला, अशी कामाची वाटणी होती. आधी सोव्हिएत युनियनमधून आलेले सुटे भाग जोडायचे, मग हळूहळू कच्च्या मालापासून सगळे इथेच घडवायचे. द्राक्षांच्या आणि कांद्याच्या मुलखातली पोरे आयटीआय करून टायटॅनियम आणि ड्यूरॅल्युमिनची भाषा बोलू लागली.

माझे मामा त्यांतलेच एक. १९७४ साली फिटर म्हणून लागले. सुटीत आम्ही भाचरे ओझरच्या कॉलनीत जायचो, तेव्हा जेवताना ताटातल्या वाट्या थरथरल्या की मामा मान वर न करता म्हणायचे, "आपलंच आहे."

नाव कमावलेले विमान

हे विमान नुसतेच वेगवान नव्हते, त्याने इतिहासही घडवला. १४ डिसेंबर १९७१ रोजी मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेट्सचा मारा केला. आत बैठक चालू होती. गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला आणि दोन दिवसांनी पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. १९९९ च्या कारगिल युद्धात स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा मिग-२१ घेऊनच गेले होते; ते परतले नाहीत. २७ फेब्रुवारी २०१९ ला विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांचे पडलेले विमानही मिग-२१ च. त्याआधी त्यांनी पाकिस्तानचे एफ-१६ पाडले असे भारताने सांगितले, पाकिस्तानने ते नाकारले.

१९७१ आणि २०१९! मध्ये जवळजवळ अर्धे शतक. विमानात सुधारणा झाल्या होत्या, पण मूळ आराखडा १९५० च्या दशकातला. आपल्यापैकी कोणी आज १९७१ सालची फियाट घेऊन शेख झायेद रोडवर उतरेल का? आणि उतरलाच, तर शेजारच्या लेनमधून लँड क्रूझर दिवे मारत असताना त्याचे काय होईल?

निवृत्ती का लांबली?

विमानाचे आयुष्य दोन हिशेबांत मोजतात: किती तास उडाले आणि किती वर्षे झाली. ते आयुष्य वाढवायचे तर विमान पूर्ण उघडून तपासावे लागते. त्याला ओव्हरहॉल म्हणतात. मामांची नोकरीची शेवटची बरीच वर्षे त्यातच गेली. डोळ्यांना न दिसणारी भेग कशी शोधायची, हे त्यांनी मला एकदा समजावून सांगितले होते. धातूचा भाग स्वच्छ करून त्यावर लाल रंगाचे पातळ द्रव्य लावायचे. ते भेगेत शिरते. वरचे पुसून टाकायचे आणि पांढरी पूड फवारायची. भेग असेल तर पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटते. "ती रेघ दिसली की वाईट वाटायचं," मामा म्हणाले, "आणि नाही दिसली की भीती वाटायची. खरंच नाही, की आपल्याला दिसली नाही?"

मिग-२१ ची जागा घ्यायला स्वदेशी हलके लढाऊ विमान बनवायचे, हा प्रकल्प मंजूर झाला १९८३ साली. ते नव्वदच्या दशकात मिळेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात त्याचे पहिले उड्डाण झाले ४ जानेवारी २००१ ला. त्याला तेजस नाव मिळाले आणि त्याची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली १ जुलै २०१६ रोजी. मधल्या काळात १९९१ ला सोव्हिएत युनियन संपले आणि सुट्या भागांची पंचाईत झाली.

मग १९९६ साली सव्वाशे मिग-२१ बिस विमाने सुधारण्याचा करार झाला. नवे रडार, नवी क्षेपणास्त्रे, नवी उपकरणे. या अवताराचे नाव 'बायसन'. हे कामही बहुतांशी ओझरलाच झाले. ज्यांनी तरुणपणी ही विमाने जोडली होती, त्यांनीच केस पांढरे झाल्यावर ती पुन्हा उघडली.

हे सगळे मला नीट कळले ते परदेशात. २००३ साली मी ओहायोत एमएस करत होतो. मित्रांबरोबर डेटनचे अमेरिकन हवाई दलाचे संग्रहालय पाहायला गेलो. तिथे एक मिग-२१ उभे होते. दोरखंडाच्या पलीकडे, शीतयुद्धाची आठवण म्हणून. शाळेची मुले त्याच्यापुढे फोटो काढत होती. मी घड्याळ पाहून हिशेब केला: नाशिकला आता रात्र झाली असेल, सकाळी मामा डबा घेऊन निघतील, याच विमानाला पुढची काही वर्षे उडवण्यासाठी!

म्हातारपण सगळ्यांना सारखे नसते

तुम्ही म्हणाल, जुनी विमाने अमेरिकाही वापरतेच की! खरे आहे. बी-५२ हे बॉम्बर पहिल्यांदा उडाले १९५२ साली, शेवटचे तयार झाले १९६२ साली, आणि आता त्याला नवी इंजिने बसवून २०५० च्या पुढे नेण्याचा बेत आहे. पण बी-५२ ला आठ इंजिने आहेत. एक बंद पडले तरी सात उरतात. मिग-२१ ला एकच. शिवाय उतरतानाचा त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्याही वर. चूक सुधारायला वेळ फार थोडा.

आपल्याकडेही दुसरी उदाहरणे आहेत. गोव्याच्या दाभोळी तळावरची नौदलाची सी हॅरियर विमाने १९८३ पासून २०१६ पर्यंत उडाली. ब्रिटिश नौदलाने आपली सी हॅरियर २००६ मध्येच निवृत्त केली होती. ती ज्या 'विराट' जहाजावरून उडत, ते ब्रिटिशांनी १९५९ साली सेवेत घेतले होते आणि मुंबईत त्याला निरोप दिला गेला २०१७ साली. चेतक हेलिकॉप्टर तर १९६० च्या दशकापासून आहे.

माझ्या धंद्यातही हे रोज दिसते. इथल्या बँकांमध्ये माझ्यापेक्षा वयाने मोठे प्रोग्रॅम अजून चालू आहेत. नवी सिस्टिम दोन वर्षांत येणार, असे सगळे सांगतात. ती येत नाही. मग जुन्याला ठिगळ लावायचे आणि पुढे ढकलायचे. पण प्रोग्रॅम पडला तर फार तर कोणाचा पगार एक दिवस उशिरा जमा होतो.

हिशेबाची दुसरी बाजू

विमान पडते तेव्हा काय होते, याचा आकडा २०१२ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत दिला. मिग घराण्यातल्या ८७२ विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली होती. १७१ वैमानिक, ३९ नागरिक आणि इतर सेवांतले ८ जण मृत्युमुखी पडले होते.

सगळा दोष विमानाच्या वयाचा नव्हता. साध्या प्रशिक्षण विमानावरून तरुण वैमानिक थेट मिगवर जात. मधली पायरी म्हणून प्रगत जेट ट्रेनर हवा, अशी शिफारस १९८२ मध्येच एका समितीने केली होती. हॉक ट्रेनरचा करार झाला २००४ साली आणि विमाने आली २००८ पासून. इथेही तेच. यायचे ते वेळेवर आले नाही.

१७ सप्टेंबर २००१ च्या रात्री राजस्थानात सुरतगडला फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचे मिग-२१ उड्डाणानंतर कोसळले. त्यांची आई कविता गाडगीळ गप्प बसल्या नाहीत. मुलाच्या नावाने एअर सेफ्टी फाउंडेशन काढून त्या मिगच्या सुरक्षिततेचा प्रश्न मांडत राहिल्या. २००६ साली 'रंग दे बसंती' पाहताना आपल्यापैकी अनेकांनी डोळे पुसले असतील. त्या मराठी आईचे दुःख मात्र पडद्यावरचे नव्हते.

वर्तमानपत्रांनी मिगला 'उडती शवपेटी' हे नाव दिले. त्या शब्दाने मामा दुखावत. वाद घालत नसत, पेपर घडी करून ठेवून देत. अपघाताची बातमी रेडिओवर लागली की त्यांचा हातातला घास थांबायचा आणि एकच प्रश्न यायचा, "पायलट?" वैमानिक वाचला असे कळले की ते पुन्हा जेवायला लागायचे. नाहीतर ताट तसेच राहायचे, आणि मामी काही न बोलता उचलून न्यायची. लहानपणी मला वाटायचे, मामांना विमानाचे काहीच कसे वाटत नाही? आता कळते, ते विमान त्यांच्या हातून गेलेले असू शकत होते. पांढऱ्या पुडीवर न दिसलेली ती लाल रेघ.

निरोप

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला, जिथे ६२ वर्षांपूर्वी सुरुवात झाली तिथेच, मिग-२१ ला निरोप दिला गेला. हवाई दलप्रमुख स्वतः ते उडवत होते. उतरल्यावर पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी झाली. मी इथून आणि मामा नाशिकहून एकाच वेळी बघत होतो, फोन चालू ठेवून. मामा म्हणाले, "नोकरी मी केली सदतीस वर्षं. यानं बासष्ट."

१७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरहून, नाशिकला तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-वन-ए ने उड्डाण केले. मामांनी मुद्दाम फोन करून कळवले. आवाज वेगळा आहे म्हणाले, पण खूश होते.

आणि मग २१ नोव्हेंबर, शुक्रवार. दुबई एअर शोचा शेवटचा दिवस. दुपारी दोनच्या सुमारास अल मक्तूमवर कसरती करताना आपले तेजस कोसळले. इथून काही मैलांवर. मी बातमी पुरती वाचण्याआधीच नाशिकहून फोन वाजला. 'हॅलो' नाही, काही नाही.

"पायलट?"

विंग कमांडर नमांश स्याल. ते वाचले नाहीत. मी सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. माझा धाकटा शेजारी उभा राहून माझ्याकडे बघत होता.

नवे विमानही पडू शकते, हे त्या दिवशी आम्ही तिघांनी पाहिले. त्यामुळे जुने ते वाईट आणि नवे ते चांगले, असा सोपा निष्कर्ष मी काढणार नाही. इतकेच म्हणेन, की यंत्राची निवृत्ती पुढे ढकलण्याचा निर्णय फायलीत होतो आणि त्याची किंमत आकाशात मोजली जाते. यंत्र वेळेवर बदलता आले नाही, तरी ते जपणारे हात आणि त्यात बसणारी माणसे आपण ओळखायला हवीत.

पुढचा एअर शो २०२७ मध्ये आहे. बाल्कनीत पुन्हा घरघर ऐकू येईल, आणि पोरगा वर बघून विमानाचे नाव विचारील. ते तर मी सांगेनच. पण मामाआजोबा काय विचारायचे, हेही त्याला सांगेन.