इंटरनेट ई-मेल मानकांची व्याप्ती : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
मानकांचा इतिहास सामान्यतः त्यांनी घालून दिलेल्या नियमांच्या आधारे लिहिला जातो. प्रस्तुत लेखात ई-मेल मानकांनी आपल्या कक्षेबाहेर काय ठेवले, याचा विचार केला आहे.

सीमांकन :
रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अर्पानेटवरून एका संगणकातून दुसऱ्या संगणकात संदेश पाठविला. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये दोन स्वतंत्र मानके प्रसिद्ध झाली. जॉन पोस्टेल यांच्या आरएफसी ८२१ या दस्तऐवजाने संदेशवहनाचे नियम ठरविले. डेव्हिड क्रॉकर यांच्या आरएफसी ८२२ ने संदेशाचे स्वरूप निश्चित केले. टपालाच्या भाषेत सांगायचे तर पहिल्याने पाकिटाचा, दुसऱ्याने आतील पत्राचा विचार केला. संगणकात पत्र कसे साठवावे, वाचकास कसे दाखवावे, हे क्रॉकर यांनी हेतुतः वगळले. त्यामुळे भिन्न बनावटीच्या संगणकांना आपली अंतर्गत रचना न बदलता पत्रव्यवहार करता आला.

मर्यादा :
‘मजकूर’ म्हणजे सात बिटांची आस्की चिन्हे, असे मात्र गृहीत धरले गेले. १२८ चिन्हांच्या त्या संचात देवनागरीस स्थान नव्हते. १९९२ च्या माइम मानकाने अन्य लिप्यांतील मजकुराची व जोडपत्रांची सोय केली. देवनागरीतील पत्त्यास प्रमाणित मानकाचा आधार मिळण्यास २०१२ साल उजाडले.

निष्कर्ष :
मर्यादित व्याप्तीमुळे ई-मेलचा प्रसार सुकर झाला. परंतु ती सीमा आखताना कोणाची लिपी बाहेर राहिली, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे.