डहाणूची राखीव जागा आणि लाल बावटा

जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालं की निवडणुकीची ड्यूटी काही चुकत नाही. तलासरी-डहाणूच्या पाड्यांवर मी लोखंडी मतपेटीच्या काळापासून व्हीव्हीपॅट येईपर्यंत बसलो. केंद्राबाहेरच्या रांगेतली बोलणी कानावर पडायची. त्यांत उमेदवाराचं नाव क्वचित, झेंडा आणि निशाणी मात्र हमखास.

याचं कारण उघड आहे. जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव, म्हणजे उभे राहणारे सगळे आदिवासीच. भांडण उरतं ते झेंड्याचं, आणि त्या भांडणाची मुळं पहिल्या निवडणुकीच्याही मागे जातात.

१९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेचं काम घेऊन या भागात आले, तेव्हा वेठ होती. लग्नाच्या कर्जापायी जन्मभर सावकाराकडे राबणारे ‘लग्नगडी’ होते. मे महिन्यात झरीच्या परिषदेत इथल्या वारली आदिवासींनी वेठ नाकारली. मग गवतकापणीचा संप झाला: पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मजुरी हवी. १० ऑक्टोबरला तलवाड्यात जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. आमच्याकडे आजही १० ऑक्टोबर पाळतात, आणि म्हातारी माणसं गोदावरीबाईंना ‘गोदाराणी’च म्हणत.

ही पुण्याई मतपेटीत दिसली १९५७ साली, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत. तेव्हा ठाण्याची लोकसभेची जागा दोन सदस्यांची होती, एक सर्वसाधारण आणि एक आदिवासी. शामरावांच्या जोडीला लक्ष्मण मातेरा निवडून गेले, दोघेही कम्युनिस्ट. पुढे द्विसदस्य मतदारसंघच रद्द झाले. मला विचाराल तर ती पद्धत वाईट नव्हती. त्यात बिगरआदिवासी पुढाऱ्यालाही आदिवासी जोडीदाराला बरोबर घेऊन फिरावं लागे.

पण ‘डहाणू म्हणजे लाल’ असं बाहेरचे म्हणतात, ते अर्धवट आहे. रेल्वेच्या पश्चिमेला बंदरपट्टी: चिकूच्या वाड्या, घोलवड, बाजारपेठ. पूर्वेला जंगलपट्टी. डहाणूची विधानसभेची जागा कित्येक वर्षं काँग्रेसची, शंकर नम यांची होती. २००४ मध्ये ती राष्ट्रवादीच्या कृष्णा घोडांकडे गेली. लाल बावट्याचा हक्काचा मतदारसंघ होता जव्हार. तिथून लहानू कोम गेले, राजाराम ओझरे गेले. कोम १९७७ साली डहाणूतून लोकसभेवरही निवडून आले होते. आणि भगवा काही मागे नव्हता. तलासरीकडचेच वकील चिंतामण वनगा १९९६ आणि १९९९ मध्ये भाजपचे खासदार झाले. एकाच घरात थोरला लाल आणि धाकटा भगवा, हे आमच्याकडे नवल नाही.

२००८ च्या फेररचनेने हे गणित विस्कटलं. राज्यात आदिवासी जागा २२ च्या २५ झाल्या, जव्हार मतदारसंघ नकाशावरून गेला आणि नव्या डहाणूत तलासरी तालुका आला. २००९ मध्ये ओझरे याच नव्या डहाणूतून जिंकले आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विधानसभेतले एकमेव आमदार ठरले. २०१४ मध्ये सगळेच पक्ष स्वतंत्र लढले, मतं फुटली आणि भाजपचे पास्कल धनारे आले. त्या वर्षी पक्षाचा एकुलता आमदार नाशिक जिल्ह्यातल्या कळवणचा, जे. पी. गावित. २०१९ मध्ये गावित पडले आणि डहाणूत विनोद निकोले निवडून आले. म्हणजे पक्षाचा विधानसभेतला दिवा कधी डहाणूत, कधी कळवणमध्ये, आणि दोन्ही जागा आदिवासी. मुंबईच्या गिरणगावात ज्यांचा दबदबा होता, त्यांची लाज पाड्यांनी राखली, असं मी उघड म्हणतो.

निकोले पूर्वी वडापाव विकत. राज्यातला सर्वांत गरीब आमदार म्हणून त्यांच्या बातम्या छापून आल्या. गरिबीचं कौतुक पेपरवाल्यांना. आमच्याकडे त्यात विशेष काही नव्हतं. विशेष होतं ते पाच हजारांच्या आतलं मताधिक्य आणि त्यासाठी काँग्रेस-राष्ट्रवादीशी जुळवून घेणं, ज्या काँग्रेसशी याच माणसांचे बाप भांडले.

२०२४ ला महाविकास आघाडीची राज्यभर वाताहत झाली, तरी निकोले लाखावर मतं घेऊन टिकले. भाजपचे विनोद मेढा ५,१३३ मतांनी मागे राहिले. मतदान होतं २० नोव्हेंबरला, दिवाळीनंतर. भात कापून झालं की जंगलपट्टीतली माणसं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. २०१९ चं मतदान २१ ऑक्टोबरला झालं, तेव्हा ती घरीच होती. त्यामुळे या खेपेला कोणाचा पाडा भट्टीवर गेला आणि कोणाचा मतदानापुरता टेम्पोत बसून परत आला, याचा हिशेब निकालानंतर कितीतरी दिवस चहाच्या टपरीवर चालू होता. दोन्हीकडचे कार्यकर्ते एकाच बाकड्यावर बसून तो मांडत होते.