हत्ती नावाचे अक्षर

चिनी बुद्धिबळ संगणकावर खेळू पाहणाऱ्याला पहिली चाल करण्याआधीच एक निवड करावी लागते. सोंगट्या अक्षरांच्या हव्यात की चित्रांच्या? एका संचात तांबड्या आणि काळ्या गोल चकत्यांवर चिनी अक्षरे असतात. दुसऱ्यात त्याच चकत्यांवर घोड्याचे डोके, तोफ, हत्ती, ढाल घेतलेला शिपाई अशी चित्रे असतात. २०२० च्या टाळेबंदीत, सोलापुरातील आम्ही काही मराठीचे प्राध्यापक या खेळाच्या नादी लागलो तेव्हा साहजिकच चित्रे निवडली. चिनी लिपीचा आम्हांला गंध नव्हता, आणि खेळायला लिपी कशाला हवी, असेच वाटले. निरक्षर माणूसही बुद्धिबळ खेळतोच की.

आठवड्याभरात लक्षात आले की चित्रे आम्हांला मदत करत नाहीत, उलट चकवतात. घोड्याचे चित्र दिसले की हात आपोआप आपल्या घोड्याची चाल खेळतो. पण चिनी घोडा उडी मारत नाही. तो आधी सरळ एक पाऊल टाकतो आणि मग तिरका वळतो. त्या पहिल्या पावलावर कुणी उभे असेल तर त्याची वाट बंद होते. चिनी खेळाडू याला घोड्याचा पाय अडकणे म्हणतात. हत्ती तिरका दोन पावले जातो, त्याच्याही मधल्या बिंदूवर कुणी असले तर 'हत्तीचा डोळा बुजला' असे म्हणतात. शिवाय हत्तीला नदी ओलांडता येत नाही. पटाच्या मधोमध आडवी नदी आहे, आणि तिच्यावर छू आणि हान या दोन राज्यांच्या सीमेचा उल्लेख लिहिलेला असतो. इसवी सनापूर्वी २०६ ते २०२ या काळात श्यांग यू आणि ल्यू बांग यांच्यात झालेल्या सत्तासंघर्षाची ती आठवण. एकदा ही नदी पटावर वाहू लागली की हत्ती केवळ संरक्षणापुरता उरतो. पटाच्या नव्वद बिंदूंपैकी त्याच्या वाट्याला फक्त सात येतात.

या चुकांनी वैतागून आम्ही अक्षरांचा संच लावला. चौदाच तर अक्षरे. आणि मग जे दिसले, त्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

दोन्ही बाजूंचे हत्ती एक नाहीत. काळ्या बाजूच्या चकतीवर 'श्यांग' असे अक्षर आहे, त्याचा अर्थ हत्ती. तांबड्या बाजूच्या चकतीवरही 'श्यांग'च आहे, उच्चारही तोच, पण अक्षर निराळे आणि अर्थ प्रधान, मंत्री. चाल तंतोतंत सारखी. म्हणजे एका सैन्यात ज्या जागी हत्ती उभा आहे, त्याच जागी समोरच्या सैन्यात मंत्री आहे, आणि दोघांना जोडणारा दुवा आहे केवळ ध्वनीचा. आपल्या अलंकारशास्त्रात याला श्लेष म्हणता येईल काय? श्लेषात एका शब्दाला दोन अर्थ असतात, इथे दोन अक्षरांना एक उच्चार आहे. यमकाच्या जवळ जाणारा, पण पूर्णपणे यमकही नसलेला हा प्रकार आहे. आमच्या चित्रसंचात मात्र दोन्हीकडे एकसारखाच हत्ती होता. मंत्री कुठे गेला हे विचारण्याचीही सोय नव्हती, कारण तो होता हेच आम्हांला ठाऊक नव्हते.

तोफेचेही तसेच. ही चिनी खेळातली सर्वांत मजेदार सोंगटी. ती मारताना मध्ये कुणीतरी एक आडवे असावेच लागते, त्याच्यावरून ती गोळा टाकते. तिचा उच्चार दोन्ही बाजूंना 'फाव'. पण पारंपरिक संचात तांबड्या तोफेच्या अक्षरात अग्नीचा अवयव असतो, तर काळ्या तोफेच्या अक्षरात दगडाचा. दगडाचे अक्षर यंत्राने धोंडे फेकण्याच्या काळाची खूण बाळगून आहे, अग्नीचे अक्षर दारूगोळ्याची. युद्धतंत्राचा अवघा बदल एका चकतीवरून समोरच्या चकतीवर जाताना दिसतो. चित्रकाराने दोन्हीकडे चाकांची तोफ काढली की हा इतिहास पुसला जातो.

अर्थात अक्षर आणि चित्र यांतली ही निवड संगणकाने आणलेली नाही. सोंग राजवटीतील (इ. स. ९६० ते १२७९) तांब्या-पितळेच्या नाण्यांसारख्या सोंगट्या सापडल्या आहेत. त्यांच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला त्याच अर्थाचे चित्र आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वी खेळणाऱ्याला दोन्ही मिळत होते, सोंगटी उलटली की झाले. पुढे चिनी पटावर अक्षर टिकले, चित्र गळून पडले. खेळाच्या नावातच ही गंमत आहे. 'श्यांगची' यातल्या 'ची'चा अर्थ पटावरचा खेळ. 'श्यांग' म्हणजे हत्ती, आणि त्याच अक्षराचा दुसरा अर्थ प्रतिमा, चिन्ह. म्हणून काही अभ्यासक याला हत्तींचा खेळ म्हणतात, तर काही चिन्हांचा खेळ. दुसरा अर्थ घेतला तर सोंगटीवर काय काढावे हा प्रश्न या खेळाच्या नावातच दडलेला आहे.

जून २०१८ मध्ये युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत या खेळाची चौदा चिन्हे दाखल झाली. तिथे दोन्ही बाजूंना वेगळी स्थाने मिळाली, हे चांगलेच झाले. पण त्यांची अधिकृत इंग्रजी नावे पाहिली तर तांबड्या 'श्यांग'लाही हत्तीच म्हटले आहे. चिन्हात मंत्री, नावात हत्ती. भाषांतर शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण वर्गात अवश्य वापरावे.

आता आपल्या पटाकडे येऊ. आपल्या मोहऱ्यांवर अक्षर नसते. राजा, वजीर, उंट, घोडा, हत्ती, प्यादे ही नावे आपण तोंडाने म्हणतो. आकार मात्र भलताच असतो. सध्या जगभर वापरला जाणारा संच नॅथॅनिएल कुक यांनी १८४९ साली इंग्लंडात नोंदवला आणि हॉवर्ड स्टाँटन या खेळाडूच्या नावाने तो ओळखला जाऊ लागला. त्यातला घोडा तेवढा घोड्यासारखा. हत्ती म्हणजे किल्ल्याचा बुरूज आणि उंट म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूची खाच असलेली टोपी. त्या टोपीत उंटाचे काहीही नाही. तरी आपल्या पिढ्यान् पिढ्या तिला उंटच म्हणत आल्या, कारण वडिलांनी पट मांडताना बोट ठेवून सांगितले, 'हा उंट'.

सोलापूरसारख्या बहुभाषी शहरात हे प्रकरण अधिक रंगते. आमच्या वर्गात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू घरांतून आलेले विद्यार्थी शेजारी शेजारी बसतात. लाकडाचा तोच एक तुकडा मराठीत उंट, कन्नडमध्येही ओंटे म्हणजे उंट, पण तेलुगूत शकटु, म्हणजे गाडा, आणि उर्दूत फील, म्हणजे हत्ती. (फ्रेंच त्याला खुळा म्हणतात, जर्मन धावपटू, आणि बंगाली पुन्हा गज. कोपऱ्यातल्या हत्तीला बंगाली नौका म्हणतात ते वेगळेच.) या चार नावांत त्या तुकड्याचा सारा प्रवास साठला आहे. चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. सातव्या शतकात बाणाच्या हर्षचरितात अष्टापद पट आणि चतुरंग यांचा उल्लेख येतो. फारसीत गेल्यावर हत्ती राजा-वजिराच्या शेजारी राहिला, तोच उर्दूतला फील. आपल्याकडे मात्र हत्ती कोपऱ्यात सरकला आणि त्याच्या जागी उंट आला. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकात 'नीतिमयूख' लिहिला. त्यातल्या बुद्धिबळाच्या वर्णनात हा उंट पटावर उभा आहे. मराठी पटावर रथ मात्र उरला नाही. तो कुठे आहे? एक चिनी पटावर, तिथे कोपऱ्यातली सोंगटी आजही रथच आहे. आणि दुसरा पूर्व भागात, यंत्रमागावर काम करणाऱ्या पद्मशाली घरांतल्या तेलुगूत, जागा बदलून, गाडा होऊन.

बुद्धिबळाच्या इतिहासावर हॅरल्ड मरे यांचा जो बृहद्ग्रंथ १९१३ साली निघाला, त्यात चिनी खेळाचा उगम भारतात मानला आहे. चीनमध्ये स्वतंत्र उगमाचा पक्षही आहे. त्या वादात आम्ही पडत नाही. आम्हांला जवळचा वाटतो तो वेगळाच पुरावा. सोलापूर ज्यांच्या राज्यात होते त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावरचा 'मानसोल्लास' ११२९ सालचा. मराठीच्या विद्यार्थ्याला हा ग्रंथ आठवतो तो कांडताना ओवी गाणाऱ्या महाराष्ट्रातल्या स्त्रियांच्या उल्लेखासाठी. त्याच ग्रंथात चतुरंगाच्या खेळाचेही वर्णन आहे. इतकी वर्षे ओवीचे पान शिकवले आणि शेजारचा पट उघडला नाही, याची आम्हांला थोडी लाज वाटते. असो.

मुद्दा असा, की आपली नावे पटावर कुठेही लिहिलेली नाहीत. ती तोंडातच जगतात. शह हा शब्द मुळात फारसी शाह, म्हणजे राजाच. चिनी खेळाडूही शह देताना सेनापतीचेच नाव घेतो, कारण त्यांच्या पटावर राजा नाही, सेनापती आहे. मात करणे, शह-काटशह, अडीच घरांची चाल, प्याद्याचा वजीर होणे हे सारे आपल्या गद्यात इतके मुरले आहे की लिहिताना पटाची आठवणही येत नाही. पण आमचे विद्यार्थी भ्रमणध्वनीवर इंग्रजी सूचना वाचत खेळतात, आणि बिशप, रूक, क्वीन म्हणतात. त्यात त्यांचा दोष नाही. टोपीच्या चित्राला बिशप म्हणणे उंट म्हणण्यापेक्षा केव्हाही तर्काला धरून आहे. परंतु वजीर क्वीन झाला की केवळ नाव बदलत नाही, दरबारातला मंत्री जाऊन राणी येते. उंट गेला तर तो गेल्याची खूणही मागे राहणार नाही, कारण लाकडात तो कधी नव्हताच.

चिनी हत्ती असा जात नाही, आणि याला पुरावा व्हिएतनामचा आहे. तिथे हाच खेळ 'को तुओंग' या नावाने घरोघरी खेळला जातो. व्हिएतनामी भाषेने विसाव्या शतकात चिनी अक्षरे सोडून रोमन लिपी पत्करली. शाळा, वर्तमानपत्रे, दुकानांच्या पाट्या, सर्वत्र रोमन. पण सोंगट्यांवर तीच जुनी अक्षरे राहिली. चिनी वाचता न येणारा हानोईचा रिक्षावालाही ही चौदा अक्षरे ओळखतो आणि त्यांना आपल्या भाषेतल्या नावांनी हाक मारतो. लिपी गेली तरी पटापुरती ती उरली. कुणी ठरवून ती जपली असे नाही. सोंगट्या विकत मिळतात त्या तशाच, आणि आजोबा नातवाला दाखवतात त्या तशाच.

सोलापूरकराला चिनी अक्षरांचे भय वाटावे याचे खरे तर कारण नाही. द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी याच शहरात जन्मले. सप्टेंबर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले, तिथली भाषा बोलायला आणि लिहायला शिकले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. त्या पथकातल्या पाचही डॉक्टरांनी चिनी नावे घेतली. कोटणिसांचे झाले 'क दीह्वा'. कोटणीसमधला पहिला ध्वनी उरला, आणि शेवटचे अक्षर 'ह्वा' म्हणजे चीन. पाचही नावांच्या अखेरीस हेच अक्षर आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना मुलगा झाला, त्याचे नाव ठेवले यिनह्वा. यिन म्हणजे भारत. कोटणीस हे आडनाव कोणत्या चित्राने दाखवले असते? घर, शहर, भाषा मागे सोडून गेलेल्या माणसाला तिथे ओळख मिळाली ती तीन अक्षरांतून.

व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे कोटणीस देशाला माहीत झाले. सोलापुरात त्यांचे घर स्मारक म्हणून जतन केले आहे. आमच्या एम. ए.च्या वर्गाला आम्ही एकदा तिथे नेले. परतल्यावर रिकाम्या तासाला लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून बत्तीस चकत्या कापल्या आणि चौदा अक्षरे फळ्यावरून उतरवून घेतली. रेघा चुकल्या, काळ्या तोफेच्या अक्षरातला दगड एकाने विसरलाच. मग एका मुलीने विचारले की आपला पट मांडताना मोहऱ्यांखाली नावे लिहिली तर चालतील का. चालतील म्हटले. जुन्या लाकडी संचातल्या त्या टोपीच्या तळाला तिने खडूने 'उंट' लिहिले. शेजारी बसलेल्या मुलाने दुसरी टोपी उचलली, थोडा विचार केला, आणि तिच्या तळाशी 'शकटु' लिहिले. तो डाव आम्ही तसाच खेळलो, पांढऱ्याकडे एक उंट आणि एक गाडा.