चंद्रभागेचा काठ आणि यात्रेचा भार

गोडे पाणी थोडे, भूमी मर्यादित आणि उदरनिर्वाह बाहेरून येणाऱ्या प्रवाशांवर, असा जो पेच मालदीवसारख्या लहान द्वीपराष्ट्रांपुढे आज उभा आहे, त्याच्याशी जवळचे साम्य असलेला पेच पंढरपूर या भीमातीरावरील (येथे भीमेलाच चंद्रभागा म्हणतात) कसब्याने दीर्घकाळ भोगला आहे. सुमारे लाखभर वस्तीच्या या गावी आषाढीला कित्येक लक्ष वारकरी उतरतात. त्यांच्या येण्यावर बुक्का, चुरमुरे व तुळशीमाळा विकणाऱ्यांचे संसार चालतात आणि त्याच गर्दीचा भार नदी व वाळवंट यांना सोसावा लागतो. एकोणिसाव्या शतकात यात्रेमागोमाग पटकीची साथ फैलावे, तेव्हा इंग्रजी अंमलात यात्रेकरूंवर कर बसवून स्वच्छतेच्या बंदोबस्ताची तजवीज झाली. परंतु मैला वाहण्याचे अमानुष काम जातिपरंपरेने ज्यांच्या माथी मारले गेले, त्यांच्या कष्टांवाचून ती तजवीज कागदावरच राहिली असती, आणि त्यांची नोंद आपल्या इतिहासलेखनात इतकी थोडी असावी, हे मला लज्जास्पद वाटते.

1980 साली पंढरपूरच्या वरच्या अंगाला भीमेवर उजनीचे धरण पुरे झाले आणि नदीचा स्वभावच पालटला. पूर्वी पावसाच्या मर्जीने वाहणारी चंद्रभागा आता वरून सुटणाऱ्या विसर्गाच्या अधीन झाली. वाळूच्या उपशाने पात्रात खड्डे पडले. 2016 साली राज्य शासनाने नदीच्या शुद्धीसाठी ‘नमामि चंद्रभागा’ योजना जाहीर केली. तिचा आरंभ मात्र पंढरपूरच्या घाटांवर नव्हे, पुण्याच्या नाल्यांपाशी व्हावयास हवा, कारण मुळा-मुठेत मिसळणारे सांडपाणी भीमेवाटेच उजनीत उतरते.