नेस्तोरियन पंथ, कोकणातील

ख्रिस्ताच्या ठायी देवत्व व मानवत्व यांचा संयोग कसा मानावा, या वादातून विभक्त झालेल्या पौर्वात्य ख्रिस्ती परंपरेची कोकणकिनाऱ्यावरील शाखा. मेरीला देवमाता म्हणण्यास कॉन्स्टँटिनोपलचा धर्माध्यक्ष नेस्तोरियस याने हरकत घेतल्यामुळे इफिससच्या धर्मपरिषदेने 431 मध्ये त्यास पदच्युत केले; पुढे 451 मध्ये कॅल्सिडनच्या परिषदेने एका व्यक्तीत दोन स्वभाव, आणि 680–81 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने दोन इच्छाशक्ती मान्य केल्या, तरी इराणच्या अमलाखालील चर्च, रोमी बादशाहीच्या हुकमतीबाहेर असल्याने, आपल्याच वाटेने चालत राहिले. सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉस्मस याने ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचे नमूद केले आहे. हे बंदर म्हणजे ठाणे जिल्ह्यातील कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. 1321 मध्ये ठाण्यास मारले गेलेले फ्रान्सिस्कन साधू एका नेस्तोरियन कुटुंबाच्याच घरी उतरले होते. परमुलखात पंथभेदाची धार बोथट होते, ती अशी. पोर्तुगीज अमदानीत मात्र गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी 1599 मध्ये केरळातील उदयंपेरूर येथे परिषद भरवून नेस्तोरियसचे नाव उपासनाविधीतून काढविले आणि अनेक सुरियानी ग्रंथ जाळविले, त्यामुळे या परंपरेचा अस्सल लेखी पुरावा दुर्मिळ झाला.