पुलाखालची नाव

मुदखेड म्हटलं की लोकांना रेल्वेचं जंक्शन आठवतं, नाहीतर फुलांचे मळे. पण तालुक्याला गोदाकाठही आहे. शंखतीर्थ, आमदुरा ही गावं नदीचीच. माझं आजोळ त्याच पट्ट्यातलं. तिथं बैलगाडीइतकीच नावेची गरज असायची.

आजोबा निजामाच्या राजवटीतल्या गोष्टी सांगत. उताराची नाव भोयाच्या घरची. शेतकरी रोख पैसे देत नसत. सुगी झाली की खळ्यावरून ज्वारी जायची. रोख उतराई परगावच्या माणसाकडून. वऱ्हाड, बाळंतीण, बाजाराची ओझी, सगळं त्याच नावेतून. शीड नव्हतं. उथळ पाण्यात बांबू, खोल पाण्यात वल्हं. आधी नाव काठाकाठानं वर ओढत न्यायची, मग धारेत तिरपी सोडायची, म्हणजे ती बरोबर समोरच्या घाटाला लागायची. पाण्याचा जोर भोई नुसत्या नजरेनं मापायचा.

1976 साली पैठणच्या जायकवाडी धरणाचं लोकार्पण झालं. वरचं पाणी अडलं. मागोमाग पूल झाले, एस.टी. आली. पुढं विष्णुपुरी, आमदुरा, बाभळी असे बंधारे झाले. बाभळीचे दरवाजे तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालाप्रमाणे 1 जुलैला उघडतात आणि 28 ऑक्टोबरनंतर बंद होतात. म्हणजे उतारू होते तेव्हा उन्हाळ्यात पाणी आटायचं. आता पाणी तुंबून राहतं, तर उतारू नाहीत.

आजोळचे भोईकाका सत्तरी ओलांडून गेलेत. दर उन्हाळ्यात नाव पालथी घालतात, भेगा बुजवतात, डांबर लावतात. सकाळी एकटेच पाण्यात जातात. मासळी लागली तर लागली. पोरं म्हणतात, विकून टाका. मीही एकदा विचारलं, "काका, आता नाव कशाला ठेवली?"

"मास्तर, तुमच्या रानाला सातबारा हाय. आमच्या नदीचा कागद कुटं हाय? ही नाव हाय तवर लोक म्हन्तेत, हा उतार भोयाचा."

मी काही बोललो नाही. पिढ्यान् पिढ्या गाव पार करणाऱ्यांची नोंद गावच्या दप्तरात मी कधी पाहिली नाही. पण पुलावर पाणी चढलं की गाव आजही आधी काकांचंच दार ठोठावतं.