विश्वेश्वरय्यांचे दोन राजीनामे

बंगळूरच्या विधानसौधाच्या दर्शनी भागावर, सरकारी काम हे देवाचे काम आहे, अशा अर्थाचे वाक्य कोरलेले आहे. केंगल हनुमंतय्यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही वास्तू १९५६ साली पूर्ण झाली. तेव्हापासून हजारो कर्मचारी त्या वाक्याखालून ये-जा करीत आले आहेत. माणूस सरकारी काम कशासाठी करतो, या प्रश्नाचे ते सरकारने दिलेले अधिकृत उत्तर म्हणायला हरकत नाही. प्रशासनात काही वर्षे काढलेल्या कोणालाही ठाऊक असते की खरी उत्तरे अनेक असतात. पगार, निवृत्तिवेतन, घराण्याची अब्रू, वरिष्ठाची शाबासकी, कामाची गोडी, कधी निव्वळ ईर्ष्या. मला कुतूहल आहे ते थोड्या वेगळ्या गोष्टीचे. आपल्या कृतीमागे तत्त्व असते आणि समोरच्याच्या मागणीमागे स्वार्थ, असे आपण इतक्या सहजपणे का धरून चालतो? कोणतीही जुनी नस्ती काढून पाहा. अर्जदाराच्या विनंतीवर 'वैयक्तिक लाभाचा हेतू' असा शेरा असतो, आणि तो शेरा मारणाऱ्याच्या स्वतःच्या बदलीच्या अर्जात मात्र 'कौटुंबिक निकड' असते.

या प्रश्नाचा विचार करताना मला सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे चरित्र पुनःपुन्हा आठवते. बंगळूरात राहणाऱ्या मराठी माणसाला हे नाव चौकाचौकांत भेटते. परंतु त्यांच्या उमेदीची चोवीस वर्षे मुंबई इलाख्यात, नाशिक, धुळे आणि पुणे येथे गेली, हे आपल्यातील अनेकांच्या ध्यानात नसते. त्यांनी आयुष्यात दोनदा मोठे पद सोडले. पहिल्यांदा १९०८ साली मुंबई सरकारची नोकरी, दुसऱ्यांदा १९१८ च्या अखेरीस म्हैसूरचे दिवाणपद. पहिली तांत्रिकदृष्ट्या निवृत्ती होती, पण तिचा आशय राजीनाम्याचाच होता. हे दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून क्वचितच पाहिले जातात.

बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून १८८१ साली बी. ए. झाल्यावर म्हैसूर संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात गेले, १८८३ साली अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून नाशकास रुजू झाले. आरंभीच्या कामांपैकी एक खानदेशातले होते. पांझरा नदीच्या पात्रातून नळाचा सायफन घालायचा होता. पावसाळ्यात पुराने काम पुन्हा पुन्हा बिघडू लागले, तेव्हा काम पावसाळ्यानंतर करावे असे त्यांनी वरिष्ठांना लिहिले. उत्तरात तरुण अधिकाऱ्याच्या शिस्तीविषयी शंका घेणारा सूर होता. तो त्यांना लागला. पुराला न जुमानता त्यांनी काम तडीस नेले आणि पुढे वरिष्ठाचे मतही बदलले. एका शेऱ्याने पेटून उठणारा हा माणूस होता. पगारवाढीच्या आमिषाने त्याच्याकडून तेवढे काम झाले असते असे मला वाटत नाही.

दुसऱ्याच्या मनाचा ठाव घेण्याची त्यांची ताकद दिसते ती दख्खनच्या कालव्यांवर. पाटबंधाऱ्यांच्या इतिहासात 'ब्लॉक पद्धत' म्हणून ती ओळखली जाते. नीरा आणि मुठा कालव्यांवर सरकारची अडचण अशी होती की पाऊस चांगला झाला की ज्वारी-बाजरीचा शेतकरी कालव्याकडे ढुंकूनही पाहत नसे, आणि पावसाने ओढ दिली की सारेच एकदम पाण्यासाठी धावत. मधल्या काळात ऊसवाला मन मानेल तितके पाणी घेई. त्याचे मळे कालव्याच्या लांबीभर विखुरलेले, त्यामुळे पाटांतच पाणी मुरून जाई आणि सखल जमिनी चिबड होत. खात्यातील अनेकांचे निदान साधे होते: शेतकरी अडाणी आणि लहरी आहे. विश्वेश्वरय्यांनी वेगळा विचार केला. त्यांच्या दृष्टीने शेतकरी लहरी नव्हता, चांगला हिशेबी होता. पुढल्या वर्षी पाणी मिळेल याची हमी नसताना कोरडवाहू पिकावर पाणीपट्टी भरणे हा त्याच्या लेखी तोट्याचा व्यवहार होता. म्हणून १८९९ च्या सुमारास त्यांनी सुचवले की पाणी ठरावीक गटांतच द्यावे, दीर्घ मुदतीच्या कराराने द्यावे, आणि गटातील क्षेत्रात ऊस, इतर बागायत व हलकी पिके यांची फेरपालट व्हावी. प्रारंभी शेतकऱ्यांनी व पुण्याच्या सार्वजनिक जीवनातील काहींनी विरोध केला. ऊस कमी होणार ही भीती खरीच होती. विश्वेश्वरय्यांनी त्यांच्याशी बोलून, समजूत घालून पद्धत सुरू केली. १९०१ ते १९०३ च्या सिंचन आयोगानेही तिची दखल घेतली. खानदेशातील जुन्या फड पद्धतीशी तिचे साम्य जाणकारांनी दाखवले आहे, आणि विश्वेश्वरय्यांची पहिली वर्षे त्याच मुलखात गेली होती.

विरोधकाला मूर्ख न समजता त्याचा हिशेब समजून घेणारा हा अधिकारी होता, हे पुढील भागासाठी ध्यानात ठेवायला हवे.

१९०७-०८ पर्यंत ते अधीक्षक अभियंत्याच्या पदापर्यंत पोहोचले होते. खडकवासल्याला त्यांच्या स्वयंचलित दारांचा प्रयोग १९०३ मध्ये यशस्वी झाला होता, एडनच्या पाणीपुरवठ्यासाठी सरकारने त्यांना १९०६ साली पाठवले होते. कर्तबगारीविषयी कोणाला शंका नव्हती. तरीही मुंबई इलाख्याचा मुख्य अभियंता होणे त्यांच्या नशिबी नव्हते. ती खुर्ची इंग्रजांची होती. हे उमजल्यावर त्यांनी तक्रार केली नाही, निवेदने पाठवली नाहीत. निवृत्तिवेतनाची पंचवीस वर्षे भरली नसतानाही नोकरी सोडण्याचा अर्ज दिला, आणि सरकारनेही विशेष बाब म्हणून निवृत्तिवेतन मंजूर केले. काम उत्तम, पण जन्म चुकीच्या ठिकाणी: हा अनुभव त्यांना आयुष्यभर पुरला. गुणवत्ता हाच एकमेव निकष असावा, ही त्यांची श्रद्धा पुस्तकातून आलेली नव्हती. ती अशी भोगून आलेली होती.

१९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ मध्ये दिवाण. (त्यांच्या आधीचे दोन दिवाण, व्ही. पी. माधवराव आणि टी. आनंदराव, हे तंजावरी मराठी घराण्यांतले होते. बंगळूरच्या मराठी मंडळींच्या गप्पांत ही माहिती अभिमानाने सांगितली जाते. म्हैसूरच्या स्थानिक लोकांत मात्र 'बाहेरून आणलेले अधिकारी' हा दीर्घकाळ सलणारा विषय होता.) सहा वर्षांत त्यांनी काय काय केले याची यादी इथे देण्याचे प्रयोजन नाही. कृष्णराजसागर, म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय हे सर्वज्ञात आहे. दिवाणपद स्वीकारण्यापूर्वी त्यांनी नातलगांना बोलावून, माझ्याकडे कोणतीही शिफारस आणणार नाही असे वचन द्या, असे सांगितल्याची कथा प्रसिद्ध आहे. शाळांची संख्या त्यांच्या काळात दुपटीहून अधिक झाली, हे मात्र विसरले जाते, आणि पुढील वादात तेच महत्त्वाचे आहे.

संस्थानातील राजपत्रित पदांपैकी निम्म्याहून बरीच अधिक ब्राह्मणांकडे होती. लोकसंख्येत त्यांचे प्रमाण अत्यल्प. १९१७ मध्ये प्रजामित्र मंडळी ही ब्राह्मणेतरांची संघटना उभी राहिली. १९१८ मध्ये तिचे शिष्टमंडळ महाराजा नाल्वडी कृष्णराज वोडेयरांना भेटले, आणि महाराजांनी मुख्य न्यायाधीश सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दिवाणांना हे मान्य नव्हते. त्यांचे म्हणणे सरळ होते: शिक्षण वाढवा, शिष्यवृत्त्या द्या, मागासांना वर आणा, पण नेमणूक गुणवत्तेवरच करा, नाही तर कारभार ढासळेल. मतभेद मिटले नाहीत आणि डिसेंबर १९१८ मध्ये ते दिवाणपदावरून दूर झाले. इतर मतभेदही होतेच. मोठ्या पदावरचा राजीनामा एकाच कारणाने दिला जात नाही. तथापि मुख्य कारण हेच, याविषयी त्यांच्या चरित्रकारांत फारसे दुमत नाही.

माझ्या मते त्यांना ढोंगी ठरवणे अन्यायाचे होईल. आपल्या जातीची मक्तेदारी राखण्यासाठी हा माणूस गेला असे म्हणणाऱ्यांनी त्याचे उर्वरित आयुष्य वाचलेले नाही. पण पुण्याच्या शेतकऱ्याचा हिशेब ज्याने ओळखला, त्याला म्हैसूरच्या अर्जदाराचा हिशेब का ओळखता आला नाही? मला उत्तर असे दिसते की १९०८ ची जखम त्याच्या आड आली. त्यांना गोऱ्यांनी नाकारले होते ते गुण असूनही. म्हणून गुणांशिवाय दिलेले पद त्यांना अपमानासारखे वाटे, देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचाही. अर्जदारांना नोकऱ्या हव्या आहेत, असे त्यांनी वाचले. वास्तविक अर्जदारांच्या मनातली गोष्ट त्यांच्या स्वतःच्या १९०८ च्या अर्जातील गोष्टीसारखीच होती: ही खुर्ची आमच्यासारख्यांची नाही, हे जन्मावरून आधीच ठरलेले असू नये. ज्या प्रेरणेने त्यांनी मुंबईची नोकरी सोडली, तीच प्रेरणा समोर दुसऱ्या वेषात उभी असताना ती त्यांना ओळखू आली नाही.

मुंबईची नोकरी त्यांनी सोडण्यापूर्वी सहाच वर्षे, त्याच इलाख्यातील कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखण्याचा आदेश काढला होता. १८९४ मध्ये ते गादीवर आले तेव्हा सामान्य प्रशासनातील ७१ पदांपैकी ६० ब्राह्मणांकडे होती. वेदोक्त प्रकरण १८९९ पासून तापले होते, त्यामुळे हा आदेश म्हणजे सूड असे पुण्यातील टीकाकारांचे मत पडले. समजा, अपमानाचा राग त्यात होता. रागातून सुरू झालेली गोष्ट पुढे कोणत्या वाटेने गेली ते पाहावे लागते. आदेशाच्या आधीच, १९०१ मध्ये, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले होते. पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या समाजांची वसतिगृहे आली. खेड्यातल्या मुलाला जागा राखून ठेवली, तरी कोल्हापुरात भाकरी आणि पाठ टेकायला ओसरी नसेल तर तो परीक्षेलाच पोहोचणार नाही, हे छत्रपतींना समजले होते. सुडाने पेटलेला माणूस वसतिगृहाच्या चुलीची काळजी करीत नाही.

मिलर समितीने १९१९ मध्ये अहवाल दिला. सात वर्षांच्या आत वरच्या पदांपैकी निदान निम्मी आणि खालच्यांपैकी दोनतृतीयांश पदे ब्राह्मणेतर समाजांना मिळावीत, अशी शिफारस होती. मला आकड्यांपेक्षा त्यातील एक युक्तिवाद अधिक मोलाचा वाटतो. कार्यक्षमता केवळ पदवीवरून मोजू नये. सहानुभूती, हेतूची सचोटी, उमेद आणि व्यवहारज्ञान यांनीही चांगला अधिकारी घडतो, असे समितीने म्हटले. हा विश्वेश्वरय्यांना दिलेला जबाब होता, आणि गंमत अशी की त्यांच्याच कालव्यावरील कामगिरीने तो सिद्ध होत होता. नीरेच्या शेतकऱ्याला जिंकले ते परीक्षेतील पहिल्या क्रमांकाने नव्हे. दुसऱ्या बाजूने, समितीवर विसंबून पात्रतेची पर्वाच न करणाऱ्या नेमणुका पुढील काळात कुठेच झाल्या नाहीत, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. दिवाणांची भीती अगदीच पोकळ नव्हती. तिचा उपाय मात्र दार बंद ठेवणे हा नव्हता.

महाराजांचा स्वभावही यात पाहण्यासारखा आहे. इतका समर्थ दिवाण गमावण्याची किंमत मोजून त्यांनी समिती नेमली, आणि तरीही संबंध तोडले नाहीत. भद्रावतीचा लोखंड कारखाना अडचणीत आला तेव्हा १९२३ मध्ये त्यांनी विश्वेश्वरय्यांनाच बोलावले, आणि विश्वेश्वरय्याही गेले. मानाचा प्रश्न त्यांनी आड येऊ दिला नाही. काम समोर दिसले की हा माणूस रुसवा विसरत असे; त्याची सगळ्यात खोल प्रेरणा बहुधा हीच होती.

भद्रावतीच्या कामाचे मानधन त्यांनी स्वतःसाठी घेतले नाही. ती रक्कम तरुणांना हस्तोद्योगाचे व तंत्राचे शिक्षण देणाऱ्या संस्थेसाठी वापरावी, असे त्यांनी सरकारला सुचवले, आणि संस्थेला आपले नव्हे तर राजघराण्यातील नाव द्यावे असा आग्रह धरला. बंगळूरच्या के. आर. सर्कलजवळचे श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निक ते हेच. आज ती शासकीय संस्था आहे, आणि तिथले प्रवेश शासनाच्या आरक्षणाच्या नियमानुसार होतात. यादीत नाव शोधणाऱ्या मुलांत खेड्यांतून आलेली मुले पुष्कळ असतात. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरातून डिप्लोमापर्यंत पोहोचणारे ते पहिलेच असतात.